इंग्लंडमध्ये आई-वडील केअर होममध्ये गेले तर पैसे कोण भरतं, आणि किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडला आलेली मराठी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. कुणाला स्मृतिभ्रंश झालाय, कुणी जिन्यावरून पडून हॉस्पिटलमध्ये आहे, आणि एक दिवस सोशल वर्कर घरी येऊन सांगते की आता यांना केअर होमची गरज आहे. त्या रात्री घरात पहिली चर्चा पैशांची होते, आणि तीही ऐकीव माहितीवर. माझ्या सासूबाईंच्या वेळी आमचं तेच झालं. नंतरच्या काळात ओळखीच्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम इंग्लंडचे आहेत आणि आकडे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचे. दर एप्रिलला काही आकडे बदलतात, तेव्हा तेवढे ताजे पाहून घ्या.

केअर होम फुकट असतं ना? आयुष्यभर टॅक्स भरलाय की.

नाही. एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार फुकट असतात, पण म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठून पाहणं याला इथला कायदा 'सोशल केअर' म्हणतो आणि ते कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, अखत्यारीत येतं. कौन्सिल त्याचे पैसे माणसाच्या ऐपतीप्रमाणे घेते. हे १९४८ पासून असंच आहे. एनएचएस सुरू झाली त्याच वर्षीच्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने कौन्सिलवर होममध्ये ठेवण्याची जबाबदारी टाकली, आणि राहणाऱ्याकडून पैसे घ्यायचे असंही त्यातच ठरलं. आज त्या जागी २०१४ चा केअर ॲक्ट आहे, जो एप्रिल २०१५ पासून लागू झाला.

होम कौन्सिलचं स्वतःचं असो वा कौन्सिलने करार केलेलं खासगी, राहणाऱ्याने किती भरायचं याचा हिशोब एकाच पद्धतीने होतो.

मग सुरुवात कुठून करायची?

कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअर विभागाला फोन करून 'नीड्स असेसमेंट' मागा. पैसे कितीही असोत, घर स्वतःचं असो वा नसो, गरज तपासून देणं हे कौन्सिलचं कायदेशीर काम आहे. 'तुमच्याकडे सेव्हिंग्ज आहेत, तुमचं तुम्ही बघा' असं फोनवरच कोणी सांगितलं, तर ते मान्य करू नका. आधी गरज तपासायची, मग पैसे. हा क्रम कायद्यातच आहे.

आईला इंग्रजी सुचेनासं झालं असेल तर दुभाषा मागा. स्मृतिभ्रंशात दुसरी भाषा अनेकदा आधी जाते. सासूबाई चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी करून शेवटी फक्त मराठीत बोलायच्या, तेही सांगलीच्या मराठीत. सोशल वर्करने इंग्रजीत विचारलं, 'तुम्हाला स्वतःचं जेवण करता येतं का?' त्या हसून 'येस, येस' म्हणाल्या. कागदावर तेच गेलं असतं.

किती पैसे असले की सगळा खर्च आपला?

वरची मर्यादा २३,२५० पौंड आहे. बचत, शेअर्स, दुसरी मालमत्ता आणि काही परिस्थितीत राहतं घर धरून यापेक्षा जास्त असेल, तर होमची पूर्ण फी माणूस स्वतः भरतो. खालची मर्यादा १४,२५० पौंड. त्याच्या खाली असलेल्या बचतीला हात लावत नाहीत. मधल्या पट्ट्यात असाल, तर १४,२५० च्या वरच्या दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असं गृहीत धरतात, मग तेवढं व्याज मिळत असो वा नसो.

हे दोन्ही आकडे २०१०-११ पासून जसेच्या तसे आहेत. इतक्या वर्षांत महागाई आणि होमची फी कुठल्या कुठे गेली. मर्यादा जागची हललेली नाही, म्हणून दरवर्षी जास्त घरं तिच्यावर जातात. हा मला उघड अन्याय वाटतो.

वेल्समध्ये होमसाठी एकच मर्यादा आहे, ५०,००० पौंडांची. स्कॉटलंडने जुलै २००२ पासून पासष्टीच्या पुढच्यांची वैयक्तिक देखभाल मोफत केली, पण राहण्या-जेवणाचे पैसे तिथेही द्यावे लागतात. त्यामुळे ग्लासगोच्या मावशीचा अनुभव लेस्टरमध्ये लागू पडत नाही.

पेन्शनमधून किती घेतात?

जवळजवळ सगळी. आठवड्याला ३०.६५ पौंड माणसाच्या हातात ठेवून बाकीचं उत्पन्न होमकडे जातं. त्या हातखर्चाला 'पर्सनल एक्स्पेन्सेस अलाउन्स' म्हणतात. केस कापणं, कपडे, नातवाच्या वाढदिवसाचं कार्ड, सगळं त्यातून. हे पैसे त्यांचे स्वतःचे असतात. होमने किंवा कौन्सिलने फीच्या टॉप-अपसाठी, म्हणजे महाग होमच्या वरच्या फरकासाठी, ते मागायचे नसतात.

समजा एका आजींना सरकारी पेन्शन आठवड्याला १८० पौंड आहे, नोकरीची ६० पौंड, आणि बँकेत १८,००० पौंड. १४,२५० च्या वर ३,७५० होतात. त्याला २५० ने भागलं की १५. म्हणजे उत्पन्न २५५ पौंड धरलं जाईल. त्यातून ३०.६५ वजा केले की आजींचा वाटा २२४.३५ पौंड. कौन्सिलने होमचा दर ९५० पौंड मान्य केला असेल, तर उरलेले ७२५.६५ कौन्सिल भरते. छोट्यामोठ्या सवलती मी इथे सोडल्या आहेत, पण हिशोबाचा सांगाडा हाच.

अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे देखभालीची गरज असलेल्या वृद्धांचा सरकारी भत्ता, मिळत असेल तर कौन्सिल पैसे भरू लागल्यावर चार आठवड्यांनी तो थांबतो. पूर्ण फी स्वतः भरणाऱ्याला तो मिळत राहतो. जास्त दर आठवड्याला ११०.४० पौंड आहे. अनेक घरांत हा अर्ज कोणी केलेलाच नसतो, कारण 'सरकारकडून भत्ता' घ्यायचा संकोच. कृपा करून अर्ज करा.

आई होममध्ये गेली, बाबा घरी आहेत. बाबांचं काय होईल?

हिशोब फक्त आईचा होतो. नवऱ्याची किंवा बायकोची कमाई आणि बचत कौन्सिल मोजू शकत नाही. पूर्वी 'लायेबल रिलेटिव्ह' म्हणून जोडीदाराकडे पैसे मागता यायचे, तो नियम एप्रिल २००९ पासून गेला. जॉइंट खातं असेल तर अर्धं आईचं, अर्धं बाबांचं धरतात. मी तर म्हणेन की होममध्ये जाण्याच्या वेळीच ते खातं दोन वेगळ्या खात्यांत अर्धं-अर्धं करा. एकत्र ठेवून आईचीच फी त्यातून जात राहिली, तर शिल्लक उरेल ती पुन्हा निम्मी मोजली जाते आणि बाबांचा पैसा नकळत फीमध्ये वाहतो.

आईला नोकरीची किंवा खासगी पेन्शन असेल आणि तिने त्यातला अर्धा भाग घरी राहणाऱ्या नवऱ्याला दिला, तर तो अर्धा हिशोबातून वगळतात. पण तो खरोखर त्याच्या खात्यात जायला हवा. सरकारी पेन्शनला ही सवलत नाही. वरच्या उदाहरणातल्या आजींचे यजमान घरी असते तर ६० पैकी ३० पौंड त्यांच्याकडे जाऊन आजींचा वाटा १९४.३५ झाला असता. वर्षाला दीड हजार पौंडांचा फरक, आणि कौन्सिलच्या फॉर्मवर याची ओळ सहज नजरेतून सुटते.

मुलांना पैसे भरावे लागतात का?

नाही. भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आई-वडील मुलांकडे निर्वाह मागू शकतात, त्यामुळे आपल्या मनात तो विचार पक्का बसलेला असतो. इंग्लंडच्या कायद्यात मुलांवर अशी जबाबदारी नाही. मुलगा डॉक्टर आहे, त्याचं मोठं घर आहे, याचा या हिशोबाशी काही संबंध नाही.

पण सही करताना सावध राहा. होमच्या करारावर मुलाची सही 'गॅरंटर', म्हणजे फीचा जामीनदार, म्हणून घेण्याची पद्धत आहे. दाखल होण्याच्या गडबडीत, आई व्हीलचेअरवर बसलेली असताना, कोणी कागद पुढे करतं आणि आपण सही करतो. त्या दिवशी कागद घरी न्या, वाचा, मग ठरवा.

घर विकावं लागेल का?

याच भीतीने लोक फोनसुद्धा करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माणूस थोड्या दिवसांसाठी होममध्ये असेल आणि घरी परतायचं असेल, तर घर मोजत नाहीत. कायमचा गेला आणि त्या घरात नवरा किंवा बायको राहत असेल, तरी मोजत नाहीत. साठीच्या पुढचा नातेवाईक, कोणत्याही वयाचा अपंग नातेवाईक, किंवा ज्याच्या पालनाची जबाबदारी आहे असं अठराच्या आतलं मूल तिथे राहत असेल, तरीही नाही. साठीच्या पुढची बहीण भावाबरोबर राहते, अशी घरं आपल्यात आहेत. भाऊ होममध्ये गेला तर ती बहीण नातेवाईकच आहे, आणि ते घर हिशोबात येत नाही. आई-वडिलांची सेवा करायला नोकरी सोडून परत राहायला आलेली मुलगी साठीच्या आतली असेल, तर घर वगळायचं की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर आहे. तिथे तिने काय सोडलं, किती वर्षं केलं, ते लेखी मांडा.

यातलं काहीच नसेल तर घर मोजलं जातं. तरीही, बाकीची बचत मर्यादेच्या खाली असेल तर कायम राहायला गेल्यापासूनचे पहिले १२ आठवडे ते सोडून देतात. तेवढा काळ विचार करायला असतो.

त्यानंतरही लगेच विकायची सक्ती नाही. 'डिफर्ड पेमेंट ॲग्रीमेंट' नावाची सोय २०१५ पासून सगळ्या इंग्लिश कौन्सिलांना द्यावी लागते. घर सोडून बाकीची मालमत्ता २३,२५० च्या आत असेल, तर कौन्सिल फीचा मोठा भाग स्वतः भरते आणि घरावर बोजा नोंदवते. हिशोब माणूस गेल्यावर किंवा घर विकल्यावर. मृत्यूनंतर ९० दिवसांत रक्कम द्यायची असते. यावर व्याज लागतं, त्याची कमाल सरकार दर सहा महिन्यांनी ठरवतं, शिवाय कागदपत्रांचा खर्च असतो. ३,५०,००० पौंडांच्या घरावर किती रक्कम साचू देतील? किमतीतून दहा टक्के आणि १४,२५० वजा, म्हणजे ३,००,७५० पर्यंत. या सोयीत माणूस स्वतःच्या पैशांनी राहतो असं धरतात, त्यामुळे १२ आठवडे संपल्यावर अटेंडन्स अलाउन्स पुन्हा मागता येतो. घर भाड्याने देऊन ते भाडं फीला लावणारीही कुटुंबं आहेत.

घर आत्ताच मुलाच्या नावावर केलं तर?

हा सल्ला लग्नात, पूजेत, सगळीकडे मिळतो: 'सात वर्षं झाली की कौन्सिल काही करू शकत नाही.' सात वर्षांचा नियम वारसा कराचा आहे. केअरच्या फीला तो लागू नाही, इथे कालमर्यादाच नाही. कौन्सिल दोन गोष्टी पाहते. नावावर केलं तेव्हा केअर लागेल याची कल्पना होती का, आणि फी टाळणं हे त्यामागचं महत्त्वाचं कारण होतं का. दोन्हीचं उत्तर 'हो' आलं, तर घर अजून आईचंच आहे असं समजून हिशोब करतात आणि ज्याला मिळालं त्या मुलाकडून फरक वसूल करू शकतात. शिवाय मुलाचा घटस्फोट झाला किंवा धंदा बुडाला, तर आईच्या डोक्यावरचं छप्पर त्यात अडकतं. निरोगी असताना नातीच्या लग्नाला नेहमीच्या रीतीने दिलेला आहेर किंवा कर्जफेड यात येत नाही.

पुण्याचा फ्लॅट आणि गावची जमीन सांगावी लागते का?

सांगावी लागते. परदेशातली मालमत्ताही मोजतात. लपवली आणि नंतर कळली तर मागची सगळी वसुली होते, आणि ते फसवणुकीत मोडतं.

पण ती मोजायची कशी, याला नियम आहेत. त्या देशातून पैसे ब्रिटनला आणायला बंदी नसेल, तर तिथला बाजारभाव धरतात. बंदी असेल, तर ब्रिटनमधला एखादा राजी ग्राहक जेवढं देईल तेवढीच किंमत. विक्रीला खर्च येणार असेल तर दहा टक्के वजा, कर्ज असेल तर तेही वजा. भारतातून अनिवासी व्यक्तीला एनआरओ खात्यामार्फत आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यामुळे 'पैसे आणताच येत नाहीत' हे फ्लॅटच्या बाबतीत टिकत नाही.

शेतजमीन वेगळी. अनिवासी भारतीयाला ती वारशाने मिळू शकते, पण विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. त्यातून सातबाऱ्यावर आठ नावं, वाटणी झालेली नाही, एक काका कसतोय. अशा जमिनीतल्या आईच्या हिश्श्याला खरंच ग्राहक मिळेल का? कागदावरची रेडी रेकनरची रक्कम आणि न वाटलेल्या हिश्श्याचा बाजारभाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तालुक्याच्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून फक्त हिश्श्याचं मूल्यांकन करून घ्या, अहवालाचं इंग्रजी भाषांतर जोडा, सातबारा आणि फेरफाराची प्रत जोडा. इथल्या अधिकाऱ्याने सातबारा कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे एका पानाचं सोपं टिपण लिहून दिलं तर दोघांचाही वेळ वाचतो.

आणि हक्कसोडपत्र. आपल्याकडे बहिणी भावांच्या नावे सही करून मोकळ्या होतात. तीस वर्षांपूर्वी, धडधाकट असताना केलेलं असेल तर चिंता नाही, तारखेसह प्रत जपून ठेवा. पण स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर घाईने केलेलं हक्कसोडपत्र कौन्सिलला वर सांगितलेल्या दोन प्रश्नांच्या कसोटीवर लावता येतं.

मंगळसूत्र, पाटल्या?

वैयक्तिक वस्तू मोजत नाहीत, फी टाळण्यासाठी मुद्दाम विकत घेतल्या नसतील तर. जुने दागिने निश्चिंतपणे ठेवा. होममध्ये मात्र किमती दागिने नेऊ नका, हरवले की शोध लागत नाही.

टॉप-अप म्हणजे काय? आम्हाला शाकाहारी जेवणाचं होम हवंय, ते महाग आहे.

कौन्सिल माणसाच्या गरजेप्रमाणे एक रक्कम ठरवते, तिला 'पर्सनल बजेट' म्हणतात. त्या रकमेत बसणारं निदान एक होम कौन्सिलने दाखवलंच पाहिजे. ते सोडून तुम्ही आवडीने महाग होम निवडलं, तर वरचा फरक तिसऱ्या कोणीतरी, बहुधा मुलांनी, भरायचा. हा टॉप-अप. राहणारा स्वतः तो फक्त ठरावीक परिस्थितीत भरू शकतो, जसं पहिल्या १२ आठवड्यांत किंवा डिफर्ड पेमेंट असताना.

आता नीट लक्ष द्या. शाकाहार, भाषा कळणारा कर्मचारी, देवपूजेची सोय या गोष्टी आईच्या गरजांमध्ये नोंदल्या गेल्या असतील, आणि त्या भागवणारं होम बजेटमध्ये मिळत नसेल, तर बजेट वाढवणं कौन्सिलचं काम आहे. कौन्सिलला परवडणारी जागा सापडत नाही म्हणून कुटुंबाकडे टॉप-अप मागायचा नाही, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. म्हणून असेसमेंटच्या वेळी 'आई काहीही खाते' असं भिडेने म्हणू नका. जन्मभर अंडंही न खाल्लेल्या बाईसमोर रोज उकडलेले बटाटे आणि चीज सँडविच येणं म्हणजे उपासमार आहे. 'मुगाची खिचडी, वरण-भात, पोळी' असं नावानिशी लिहायला लावा.

टॉप-अप मान्य करण्याआधी तो किती वर्षं झेपेल ते पाहा. फी दरवर्षी वाढते. भरणं थांबलं, तर आईला दुसऱ्या होममध्ये हलवू शकतात.

एनएचएस पूर्ण खर्च कधी उचलते?

मुख्य गरज आरोग्याची असेल तर. त्याला 'कंटिन्युइंग हेल्थकेअर' म्हणतात, त्यात राहणं-जेवणसुद्धा मोफत आणि घर-बचत काहीच बघत नाहीत. १९९९ साली पामेला कॉगलन यांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की कौन्सिल फक्त मर्यादित, पूरक स्वरूपाचीच शुश्रूषा देऊ शकते, त्यापलीकडची जबाबदारी एनएचएसची. मिळणं कठीण आहे. पण हॉस्पिटलमधून सोडण्याआधी किंवा प्रकृती बिघडल्यावर याची प्राथमिक तपासणी झाली का, हे विचारा. गिळता न येणं, वारंवार फिट येणं, आक्रमक वागणं, जखमा, रोजच्या नोंदी दाखवा.

ते नाकारलं आणि नर्सिंग होम (जिथे नर्स असते असं केअर होम) असेल, तर शुश्रूषेपोटी एनएचएस होमला आठवड्याला २५४.०६ पौंड थेट देते. मेंटल हेल्थ ॲक्टच्या कलम ३ खाली हॉस्पिटलमध्ये ठेवलं गेलेल्यांना नंतरची देखभाल कलम ११७ प्रमाणे मोफत आहे. हॉस्पिटलमधून आल्यावर पुन्हा उभं राहण्यासाठी दिलेली तात्पुरती मदत सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते.

८६,००० पौंडांवर खर्च गेला की सरकार भरतं, असं ऐकलं होतं.

ती योजना आली नाही. ॲण्ड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये माणसाने देखभालीवर करायच्या खर्चाला कमाल मर्यादा सुचवली, सरकारने ८६,००० हा आकडा जाहीर केला, ऑक्टोबर २०२३ ची तारीख २०२५ वर ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये योजनाच रद्द झाली. कितीही वर्षं फी भरली तरी आज इंग्लंडमध्ये वरची सीमा नाही.

आम्ही स्वतः फी भरतोय, पैसे संपत आले तर?

शिल्लक २३,२५० च्या जवळ यायच्या काही महिने आधी कौन्सिलला लेखी कळवा. होमलाही आधीच विचारा, कौन्सिलच्या दरात ठेवतील का? स्पर्धा आयोगाच्या २०१७ च्या पाहणीत एकाच होममध्ये स्वतः भरणाऱ्यांना कौन्सिलपेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त दर पडत असल्याचं आढळलं. त्यामुळे कौन्सिलवर जाताना हा फरक टॉप-अप म्हणून मागितला जातो.

आईच्या बँकेचे व्यवहार मी करू शकते का?

समज शाबूत असताना 'लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी' (समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र) करून नोंदवून ठेवली असेल तरच. नाहीतर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे जावं लागतं, आणि ते महागही आहे आणि लांबतंही. वडील धडधाकट आहेत? मग या महिन्यातच करा. भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मुखत्यारपत्र लागतं.

त्यांना सरळ भारतात नेलं तर?

काही घरं नेतात. ब्रिटिश सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण तिथे स्थायिक झाल्यावर तिची वार्षिक वाढ थांबते. अटेंडन्स अलाउन्स मिळत नाही, आणि इथलं वास्तव्य संपल्याने एनएचएसचा हक्कही राहत नाही. हा निर्णय पैशांसाठी घेऊ नका. आईला कुठे आणि कोण हवंय, ते तिला विचारा.

कौन्सिलचा हिशोब चुकला असं वाटलं तर?

हिशोबाची प्रत लेखी मागा. ती देणं बंधनकारक आहे. मग फेरतपासणी, मग कौन्सिलकडे तक्रार, आणि तरी न पटलं तर लोकल गव्हर्नमेंट ॲण्ड सोशल केअर ऑम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. ही सेवा मोफत आहे. एज यूके आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या मदत संस्था कागद वाचून सांगतात, त्यांना भेटायला संकोच करू नका.

आमच्या घरचं सांगते. सासू-सासऱ्यांच्या जॉइंट खात्यात ३१,००० पौंड होते. कौन्सिलने ते सगळे सासूबाईंचे धरले आणि मर्यादेच्या वर आहेत म्हणून पूर्ण फीचं पत्र पाठवलं. सासरे ते पत्र रोज काढून वाचायचे आणि पुन्हा घडी घालून उशाखाली ठेवायचे. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी मला चादर बदलताना सापडलं. अर्धे म्हणजे १५,५०० धरले असते, तर बचतीपोटी फक्त आठवड्याला ५ पौंड जोडायला हवे होते. बँकेचं स्टेटमेंट लावून एक पान लिहिलं. सुधारित पत्र यायला अकरा आठवडे लागले, त्यात जास्त भरलेले पैसे परत देत असल्याचंही होतं. सासऱ्यांनी ते मला मोठ्याने वाचायला सांगितलं, दोनदा.